संग्रहाचे मोल आणि मोलाचा संग्रह

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या सभागृहाच्या प्रवेशदालनात जैन विषयांवरील टपाल तिकिटांचे आणि नाण्यांचे एक छोटे प्रदर्शन मांडले आहे. ते पाहून येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयोजकांना एकच प्रश्न विचारला, "याला आज किती भाव येईल?" या प्रश्नाची टिंगल करावी असे मला वाटत नाही. आपण व्यापारी समाजातील माणसे आहोत. वस्तू पाहिली की तिचा भाव विचारणे हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. म्हणून आज याच प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करावा असे मी ठरविले. जमविलेल्या वस्तूंचा भाव का चढतो, का उतरतो आणि या चढउतारात श्रावकाने कोठे उभे राहावे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रदर्शनातील एका तिकिटापासून प्रारंभ करू. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवानिमित्त भारतीय डाक विभागाने १३ नोव्हेंबर १९७४ रोजी २५ पैशांचे तिकीट काढले. त्यावर पावापुरीच्या जलमंदिराचे चित्र आहे. आपल्या संस्थेचा जन्मही साधारण त्याच कालखंडातला. त्या महोत्सवाच्या उत्साहात असंख्य जैन कुटुंबांनी ही तिकिटे घेतली. कोणी एक घेतले, कोणी संपूर्ण ताव घेतला. प्रथम दिवस आवरणे, म्हणजे ज्यांना आपण फर्स्ट डे कव्हर म्हणतो ती, कपाटात जपून ठेवली. पन्नास वर्षे उलटली. पुष्कळांची समजूत अशी, की पन्नास वर्षे जपलेली वस्तू आता मौल्यवान झालीच असणार. प्रत्यक्षात बाजारात या तिकिटाला आजही फारशी किंमत येत नाही. कारण सोपे आहे. ज्यांना ते हवे आहे, त्या बहुतेकांपाशी ते आहेच. सर्वांनी भक्तिभावाने घेतले आणि सर्वांनी नीट जपले. भक्तीच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु बाजार भक्ती मोजत नाही, तो दुर्मिळता मोजतो.

हा नियम जगाने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. आपल्याकडे क्रिकेट, तसा त्यांच्याकडे बेसबॉल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची छोटी रंगीत चित्रे घालू लागल्या. पुढे हीच चित्रे च्युइंगगमबरोबर मिळू लागली. आपल्याकडे मुले काडेपेटीवरची चित्रे जमवीत, च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे एकमेकांत बदलून घेत, तसेच हे. मुले ती खिशात कोंबत, सायकलच्या चाकात अडकवून त्यांचा फटफट आवाज काढीत आणि वय वाढले की विसरून जात. घर आवरताना आया ती केरात टाकून देत.

या चित्रांपैकी एक होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचे आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेत ते होते. वॅग्नरच्या हरकतीमुळे त्याची छपाई लवकरच थांबविण्यात आली. आपल्या चित्राच्या मोहाने लहान मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये असे त्याला वाटत होते, असे बहुतेक लोक सांगतात. त्याला मोबदला हवा होता, असे म्हणणारेही आहेत. कारण काहीही असो, त्या चित्राच्या फारच थोड्या प्रती उरल्या. त्यांतील एक प्रत २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. तंबाखूच्या पाकिटातून फुकट आलेला कागदाचा तुकडा!

दुसरे चित्र मिकी मँटल या खेळाडूचे. टॉप्स नावाच्या च्युइंगगम कंपनीने ते १९५२ साली काढले. मालिकेतील शेवटची चित्रे हंगाम संपत आल्यावर दुकानांत पोहोचली, त्यामुळे ती खपली नाहीत. गोदामात जागा अडवून बसलेला हा माल कंपनीने १९६० साली नावेत भरून चक्क समुद्रात बुडविला. त्याच मालिकेतील मँटलच्या चित्राची एक उत्तम स्थितीतील प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. स्वतः कंपनीलाच ज्याची अडगळ झाली होती, त्याचे हे मोल झाले.

आता याची दुसरी बाजू पाहा. १९८०च्या दशकात जुन्या चित्रांचे असे भाव वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले, तेव्हा अमेरिकेतील घरोघरचे आईबाप जागे झाले. आपल्या आईने टाकली, आपण टाकायची नाहीत, असा त्यांनी निश्चय केला. मुलांच्या उच्च शिक्षणाची तरतूद म्हणून लोकांनी नव्या चित्रांची खोकीच्या खोकी न उघडता साठविली. कंपन्यांनीही संधी साधली आणि अब्जावधी चित्रे छापली. पुढे १९९४ साली खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची अंतिम स्पर्धाच रद्द झाली आणि लोकांचे मन खेळावरूनच उडाले. विकणारे सर्व, घेणारा कोणी नाही, अशी अवस्था झाली. त्या काळातील बहुतेक चित्रे आज रद्दीच्या भावानेही कोणी उचलत नाही. विशेष म्हणजे ती अजूनही कोरी करकरीत आहेत. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, या बाजाराला पुन्हा उधाण आले आणि पुढील दोन वर्षांत ते पुष्कळसे ओसरलेही.

बंधू-भगिनींनो, या सगळ्याचा मथितार्थ एका वाक्यात सांगायचा तर असा: जे सर्वांनी टाकून दिले, ते दुर्मिळ झाले आणि जे सर्वांनी जपून ठेवले, ते सामान्य राहिले. म्हणून जी वस्तू 'संग्रहासाठी' म्हणूनच विकली जाते, तिच्याकडे गुंतवणूक म्हणून पाहताना फार सावध राहावे. ती विकत घेणारा प्रत्येक जण ती जपणारच असतो.

हाच नियम आपल्या देशातील तिकिटांना लावून पाहू. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, महात्मा गांधींच्या स्मरणार्थ चार तिकिटे निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमधील एकाच छापखान्यात ती छापली गेली. महापुरुष तोच, दिवस तोच, छापखानाही तोच. पण दीड आण्याचे तिकीट सामान्य माणसाने पत्रावर लावले आणि आठवण म्हणून ठेवलेही. ते आजही सहज मिळते. दहा रुपये ही १९४८ साली मोठी रक्कम होती, म्हणून ते तिकीट थोड्यांनी घेतले आणि आज त्याला चांगला भाव आहे. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी यांतील मोजक्या तिकिटांवर 'सर्व्हिस' असा शब्द छापण्यात आला होता. त्यांतील दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक जोडपट्टी २०१७ साली इंग्लंडमध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. गांधीजींविषयीचा आदर चारही तिकिटांत सारखाच आहे. फरक फक्त उरलेल्या संख्येचा आहे.

आपल्या जिव्हाळ्याचे आणखी एक उदाहरण देतो. १५ ऑगस्ट १९४९ रोजी पुरातत्त्वविषयक चित्रांची एक मालिका निघाली. तिच्यातील सर्वांत मोठ्या किमतीच्या, म्हणजे १५ रुपयांच्या तिकिटावर पालिताण्याच्या शत्रुंजय तीर्थावरील मंदिराचे चित्र आहे. ठाण्यातील टेंभी नाक्याजवळच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराला आपण 'कोकण शत्रुंजय' म्हणतो, श्रीपाल राजा आणि मयणासुंदरी यांच्या कथेशी त्याचे नाते सांगतो. तेव्हा हे तिकीट आपल्या प्रदर्शनात असणे उचितच आहे. याची डिंक शाबूत असलेली कोरी प्रत आणि शिक्का पडलेली प्रत यांच्या भावात फार मोठे अंतर असते. म्हणजे संख्येबरोबर स्थितीलाही मोल आहे. ठाणे-डोंबिवलीच्या पावसाळ्यात हे ध्यानात ठेवणे विशेष आवश्यक आहे. आपल्याकडची दमट हवा डिंक चिकटविते, कागदावर तांबूस डाग पाडते. सेलोटेपने चिकटविलेले तिकीट संपलेच म्हणून समजा. नाण्यांचा शत्रू तर आपला स्वच्छतेचा सोस. जुने नाणे चिंचेने किंवा भांडी घासण्याच्या पुडीने लखलखीत केले, की जाणकाराच्या दृष्टीने त्याचे अर्धेअधिक मोल धुऊन गेलेले असते.

संख्या आणि स्थिती या दोन गोष्टी झाल्या. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि आपल्या हातात अजिबात नसलेली आहे. ती म्हणजे दुसऱ्याची इच्छा. वस्तू कितीही दुर्मिळ असली, तरी ती हवी असणारा कोणी नसेल, तर तिला भाव नाही. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियाना या वसाहतीचे १८५६ सालचे एक सेंटचे तिकीट जगात एकच उरले आहे. त्याहून दुर्मिळ काय असणार? १९८० साली ते ९ लाख ३५ हजार डॉलरला गेले. २०१४ साली त्याला सुमारे ९५ लाख डॉलर आले. २०२१ साली मात्र ते सुमारे ८३ लाखांना विकले गेले. सात वर्षांत तिकीट तेच राहिले, संख्या एकच राहिली; बदलली ती घेणाऱ्यांची ओढ. याउलट आपल्या शेजारच्या भूतानने १९७०च्या दशकाच्या प्रारंभी एका अमेरिकन गृहस्थाच्या कल्पनेने चिमुकल्या ग्रामोफोन तबकड्यांच्या रूपात तिकिटे काढली. तबकडी वाजविली की राष्ट्रगीत ऐकू येई. त्या वेळी गंभीर संग्राहकांनी या तिकिटांना पोरखेळ म्हणून हिणविले आणि दुर्लक्षिले. आज तीच तिकिटे हौसेने शोधली जातात आणि त्यांच्या संचाला काही शे डॉलर मोजले जातात.

दुसऱ्याची इच्छा पिढीबरोबर बदलते. ज्या पिढीने पोस्टमनची वाट पाहिली, तिला तिकिटाचे अप्रूप होते. आजच्या मुलाने कदाचित आयुष्यात एकही पत्र टाकलेले नसेल. माणूस बहुधा आपल्या बालपणीची वस्तू प्रौढपणी पैसे देऊन परत मिळवू पाहतो. म्हणून एका पिढीच्या हातात पैसा आला की तिच्या बालपणीच्या वस्तूंचे भाव चढतात आणि ती पिढी मावळू लागली की उतरतात. आपण जे जमविले, ते आपल्या नातवाला हवेच असेल, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

कधी कधी भाव एका दिवसात बदलतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविली होती. इतिहासाच्या दृष्टीने हा अमूल्य ठेवा ठरला, कारण कोणी कोणाचा पराभव केला याचा तो साक्षात पुरावा होता. पण त्या दिवसापर्यंत ज्याच्याजवळ नहपानाचे एखाददुसरे नाणे असेल, त्याला आपले नाणे अतिदुर्मिळ असल्याचा अभिमान सोडावा लागला असेल. जमिनीच्या पोटात किंवा दुसऱ्याच्या माळ्यावर काय दडले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. जाता जाता सांगतो, जमिनीत असे काही सापडले तर ते घरात ठेवायचे नसते. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आता जरा आपल्या घरांकडे येऊ. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील जुन्या चाळी आणि इमारती पुनर्विकासाला जात आहेत. नव्या सदनिकेत माळा नसतो. पेटी उघडली जाते आणि आजोबांचे अल्बम, नाण्यांची पुरचुंडी, पत्रांचे गठ्ठे बाहेर येतात. येथे दोन प्रकारच्या चुका होताना दिसतात. काही घरांत सर्व काही रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. दुसऱ्या काही घरांत, यात लाखो रुपये दडले आहेत अशा कल्पनेने भावाभावांत वाटणीचा वाद सुरू होतो. डोंबिवलीतील एका कुटुंबाची हकिकत मला ठाऊक आहे. वडिलांच्या तिकिटांच्या अल्बमवरून दोघा भावांचे बोलणे बंद झाले. सूचीपुस्तकातील आकडे मांडून एकाने बेरीज केली होती. अखेर जाणकाराला दाखविले, तेव्हा त्याने सांगितलेली रक्कम दोघांच्या एका महिन्याच्या घरखर्चाइतकीही नव्हती. सूचीपुस्तकात छापलेला भाव हा व्यापारी ज्या दराने विकतो तो असतो. तो ज्या दराने विकत घेतो तो नव्हे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. रक्कम कळली; पण मधल्या काळात दुरावलेली मने काही लगेच जुळली नाहीत.

याहून मोठा धोका भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आहे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले २०१२ सालचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकले जाते, ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट श्रीमंत करते, असे संदेश आपण सर्वांनीच पाहिले असतील. ज्येष्ठ नागरिक आणि घरी असणाऱ्या भगिनी अशा संदेशाला भुलतात. समोरचा माणूस नोटेला मोठी किंमत कबूल करतो आणि मग नोंदणी शुल्क, कर, दलाली अशा नावांनी आपल्याकडूनच पैसे उकळतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा आणि बोधचिन्हाचा असा दुरुपयोग होऊ लागला, तेव्हा बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणाकडूनही शुल्क मागत नाही. हे निवेदन प्रत्येक घरात वाचून दाखवावे, असे मी सुचवितो.

फसवणूक केवळ अडाण्यांची होते असेही नाही. स्पेनमध्ये आफिन्सा आणि फोरम फिलातेलिको या दोन कंपन्या तिकिटांत गुंतवणूक करा, ठरावीक परतावा घ्या, असे सांगून लोकांकडून ठेवी गोळा करीत होत्या. ९ मे २००६ रोजी तेथील पोलिसांनी छापे घातले, तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचा पैसा अडकला होता. तिकिटांचे मोल कागदोपत्री फुगविलेले होते आणि जुन्यांचा परतावा नव्यांच्या पैशांतून दिला जात होता. पुढे न्यायालयाने चालकांना दोषी ठरविले. ठरावीक परतावा देणारा संग्रह ही गोष्टच जगात नाही, हे त्या लाखो कुटुंबांना फार उशिरा कळले.

मग तिकिटे, नाणी जमवूच नयेत काय? असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य अशा नऊ प्रकारांत परिग्रहाची गणना करून प्रत्येकाला मर्यादा घालावी, असे सांगितले आहे. टपालाचे तिकीट यांतील कोणत्या रकान्यात घालावे, असे कोणी विचारले तर मोठी पंचाईत होईल. पण आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात ही अडचण आधीच दूर केली आहे. वस्तू म्हणजे परिग्रह नव्हे. वस्तूविषयीची मूर्च्छा, तिच्यावरील ममत्व हाच परिग्रह, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्या कसोटीवर २५ पैशांचे तिकीटही परिग्रह होऊ शकते आणि ज्ञानाचे साधनही होऊ शकते. पावापुरीच्या तिकिटाकडे पाहून नातवाला निर्वाणभूमीची कथा सांगितली, तर ते साधन झाले. भाव वाढला का हे पाहण्यासाठी रोज पडदा चाळला आणि घटला म्हणून रात्रीची झोप गेली, तर तीच मूर्च्छा झाली. भावाची चढउतार आपल्या हातात नाही, ममत्वाची आहे.

आपल्या समाजाने संग्रहाचा एक फार उज्ज्वल आदर्श जगापुढे ठेवला आहे. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांत शेकडो वर्षांची हस्तलिखिते सुरक्षित राहिली. ती लिहविणाऱ्या श्रावक-श्राविकांनी त्यांचा बाजारभाव कधी विचारला नव्हता. शास्त्रदान म्हणून त्यांनी ग्रंथ लिहवून घेतले आणि पुढील पिढ्यांनी दरवर्षी ते झाडूनपुसून, बांधून ठेवले. बाजाराचा भाव जेथे शिरला, तेथे काय घडले तेही पाहा. सचित्र कल्पसूत्राच्या कित्येक पोथ्यांची पाने सुटी करून विकली गेली. संपूर्ण पोथीपेक्षा सुट्या चित्रांचे पैसे अधिक येतात, म्हणून पोथी फुटली. आज तिचे एक पान एका देशातील संग्रहालयात, दुसरे भलत्याच खंडात, अशी स्थिती आहे. प्रत्येक पानाचा भाव वाढला आणि ग्रंथ मात्र नाहीसा झाला. माझ्या मते आजच्या विषयातील सर्वांत मोठी हानी हीच आहे. तिकिटाचा भाव उतरला तर काही रुपयांचे नुकसान होते; येथे एक संपूर्ण पोथी कायमची गेली.

म्हणून काही व्यवहार्य सूचना करून मी थांबणार आहे.

ज्यांच्या घरी असा संग्रह आहे, त्यांनी तो कोणी, केव्हा, कोठून मिळविला हे एका वहीत लिहून ठेवावे. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसातील फिलाटेलिक ब्युरोतून आजोबांनी लोकलने जाऊन आणलेले आवरण, अशी एक ओळ त्या आवरणाशेजारी असली, तर घरच्या माणसांना ते टाकवणार नाही. संग्रह विकायचा झाल्यास घाईने एकाच व्यापाऱ्याला देऊ नये, दोन-तीन जाणकारांना दाखवावा आणि वाटणीच्या कागदात त्याची रक्कम अंदाजाने घालू नये. घरात जुन्या पोथ्या असतील तर त्यांची पाने कोणत्याही मोहाने सुटी करू नयेत. ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठविण्यास १९७२च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात असू द्यावे.

नवीन नाणी आणि तिकिटे अवश्य घ्यावीत, परंतु आनंदासाठी घ्यावीत. २६००व्या जन्मकल्याणकाच्या निमित्ताने २००१ साली ५ आणि १०० रुपयांची नाणी निघाली. २५५०व्या निर्वाण महोत्सवानिमित्त २१ एप्रिल २०२४ रोजी नवी दिल्लीत १०० रुपयांच्या स्मारक नाण्याचे आणि टपाल तिकिटाचे प्रकाशन झाले. बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या आगगाडीला दीडशे वर्षे झाली, तेव्हा २००३ साली 'भोलू' हत्तीचे चित्र असलेले दोन रुपयांचे नाणे आले. ते तर ठाणेकरांच्या घरोघरी असावे असेच आहे. २००१च्या १०० रुपयांच्या नाण्यात निम्मी चांदी आहे, त्यामुळे चांदीच्या भावाचा त्याला आधार आहे. पाच आणि दोन रुपयांच्या नाण्यांना तो नाही. यांपैकी एकेक प्रत घेणे ही आवड झाली. शंभर प्रती घेऊन ठेवणे हा बेसबॉलच्या खोक्यांचा मार्ग झाला.

मुलांना या छंदाकडे जरूर वळवावे. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी डाक विभागाने २०१७ साली 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यात निवड झालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६ हजार रुपये मिळतात आणि त्यासाठी प्रश्नमंजूषा व एक प्रकल्प करावा लागतो. अल्बमची किंमत काय, असे तेथे कोणी विचारत नाही. तिकिटावरील विषयाची माहिती किती, हे पाहतात. तिकीटसंग्रहातून खात्रीने मिळणारा परतावा कोणता असेल, तर तो हाच.

शेवटी संस्थेच्या विश्वस्तांना एक विनंती. सुवर्णमहोत्सवानंतर हे प्रदर्शन आवरून आपापल्या घरी परत जाईल. त्याऐवजी संस्थेच्या ग्रंथालयात एक कपाट यासाठी राखून ठेवता येईल का, याचा विचार व्हावा. ज्या कुटुंबांत पुढील पिढीला आवड नाही, त्यांनी आपला संग्रह रद्दीत किंवा वादात न घालविता तेथे द्यावा. वर्षातून एकदा, श्वेतांबर बांधवांनी ज्ञानपंचमीला आणि दिगंबर बांधवांनी श्रुतपंचमीला, पोथ्यांबरोबरच ते कपाटही उघडावे, झाडावे आणि मुलांना दाखवावे. एकदा दान दिले की त्या वस्तूचा भाव चढला काय किंवा उतरला काय, देणाऱ्याला त्याची चिंता उरत नाही. पन्नास वर्षे ज्या संस्थेने आपल्या दानावर लोकांची सेवा केली, तिच्या सुवर्णमहोत्सवाला याहून शोभेल असा उपक्रम मला सुचत नाही.